झिजलेले चिमटे

रक्त चुकीच्या जागी होतं.

टाके घालायच्या चिमट्याला रक्त लागतं ते टोकाला, फार तर सांध्यापर्यंत. वरून ट्रेमध्ये आलेल्या या चिमट्याचं टोक जवळजवळ कोरडं होतं. रक्त होतं ते मागे, बोटं घालायच्या कडीला, आणि तिथेच दोन बारीक केस चिकटले होते. भुवईचे असावेत. ट्रेसोबत नेहमीसारखी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर नेहमीसारखा एकच शब्द: पडला.

मी चिठ्ठी वाचली, चिमटा साबणाच्या पाण्यात टाकला, ब्रशने कडी स्वच्छ घासली आणि वहीत लिहिलं, झिजला. एकोणीस वर्षांची सवय. हात आपोआप चालतो.

आमची खोली हॉस्पिटलच्या तळघरात आहे. वर ऑपरेशन होतं आणि खाली आम्ही त्याची भांडी घासतो, असं मी गमतीने म्हणते, आणि ते फारसं खोटंही नाही. वापरलेली हत्यारं लिफ्टने खाली येतात. ती धुवायची, एकेक उजेडाकडे धरून तपासायची, हिरव्या कापडात बांधायची, वर पट्टी चिकटवून वाफेच्या यंत्रात घालायची. वाफ लागली की पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. त्याच पट्टीवर माझी सही असते, म्हणजे संचात काही खोट निघालीच तर शिव्या कोणाला घालायच्या ते वरच्यांना कळतं.

सख्खी भाची मला एकच, पण हॉस्पिटलात मावशी म्हणणारी दीडशे माणसं आहेत. त्यांतली आपण होऊन तळघरात उतरणारी एकच निघाली, ती नवी. नवी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नवी सिस्टर. येऊन आठ महिने झाले तरी नवीच. पहिल्याच आठवड्यात ती डबा घेऊन खाली आली आणि म्हणाली, वर घास उतरत नाही. मग रोजच येऊ लागली. जेवता जेवता मी काय करते ते बघायची, हजार प्रश्न विचारायची. मीही शिकवलं. झिजलेला चिमटा मागून ओळखायचा, त्याचा खटका बसत नाही, दाबला तरी निसटतो. आपटलेला पुढून ओळखायचा, टोकं मिटली तरी मधून उजेड दिसतो. तिने भंगाराच्या डब्यातले चारपाच उचलून खिडकीकडे धरले. तळघराला एकच खिडकी आहे, रस्त्याच्या पातळीवर, तिच्यातून माणसांची पावलं तेवढी दिसतात.

"मावशी, म्हणजे हे सगळे आपटलेले?"

मी तिला म्हटलं, डबा गार होतोय.

तो रक्ताचा चिमटा धुऊन तासभर झाला असेल, तर हळूबाई खाली आली. ही थिएटरमधली सगळ्यात जुनी सिस्टर. आवाज इतका बारीक की पेशंटलाही दोनदा विचारावं लागतं, म्हणून हळूबाई. तिने दार लोटून घेतलं आणि काय झालं ते सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला, नवीला धागा ओवायला क्षणभर उशीर झाला, आणि डॉक्टरांनी आधीचा चिमटा तिच्या तोंडावर भिरकावला. भुवईच्या खाली तीन टाके. डोळा वाचला तो नशिबाने. डॉक्टर तेच ऑपरेशन पुढे करत राहिले, आणि त्यांच्या पायाशी बसून हळूबाईने नवीच्या चेहऱ्यावर कापूस धरला. चिठ्ठी तिनेच लिहिली होती.

"तुम्ही झिजला लिहिलंत ना?" तिने विचारलं.

"लिहिलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि वर गेली.

आता हे बरं कसं, ते सांगायला हवं. हत्यार पडून बिघडलं तर तुटफुटीचा फॉर्म भरावा लागतो. फॉर्मवर ते कोणाच्या हातून पडलं हे लिहायची जागा आहे, आणि कोणी फेकलं हे लिहायची जागा नाही. त्या जागी सिस्टरचं नाव येतं, तिला निष्काळजीपणाचा मेमो मिळतो, आणि तीन मेमो झाले की नोकरीवर गदा. झीज मात्र कोणाच्याच माथी बसत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी एक पोरसवदा सिस्टर वाकलेला चिमटा घेऊन खाली आली होती. दोन मेमो आधीच झालेले. रडून रडून तिला उचकी लागली होती. मी तिला पाणी दिलं आणि तिच्या समोर वहीत लिहिलं, झिजला. तिच्या चेहऱ्यावर जी कळा परत आली ती बघून मला वाटलं, आपण काहीतरी पुण्याचं काम केलं. तेव्हापासून वरून "पडला" आलं की खाली "झिजला" व्हायचं. कोणी ठरवलं नाही, कोणी सांगितलं नाही. किती पोरींच्या नोकऱ्या मी राखल्या असतील त्याचा मला मनातून गर्व होता, खोटं कशाला बोलू. ती उचकी लागलेली सिस्टर आज आमची मेट्रन आहे.

नवीने मात्र आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. तिसऱ्या दिवशी, डोळा काळानिळा असतानाच, तिने अर्ज दिला. डॉक्टरांनी हत्यार फेकून मारलं, असं सरळ लिहिलं. समिती बसायची ठरली. उपअधीक्षक, मेट्रन, आणि नियमाप्रमाणे बाहेरून एक बाई. डॉक्टरांनी लेखी उत्तर दिलं, ते दोन दिवसांत सगळ्या हॉस्पिटलला पाठ झालं. चिमट्याचा खटका झिजलेला होता, दाबताक्षणी तो हातातून उडाला, दुर्दैवी अपघात. हत्यारं किती वाईट अवस्थेत दिली जातात ते तळघराच्या वहीत बघा, दोन वर्षांत अडतीस नग झिजलेले.

अडतीसही नोंदी माझ्या हातच्या. अक्षर माझं चांगलं आहे, वळणदार.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मेट्रन खाली आली. खुर्ची पुसून बसली. मोठ्या मायेने विचारपूस केली, गुडघे कसे आहेत, निवृत्तीला किती राहिले. चार महिने, मी म्हटलं. ती म्हणाली, छान, सुखरूप पार पडा. मग म्हणाली,

"तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाहीये, मावशी. वहीत आहे ते वाचा फक्त."

"आणि ती पोरगी?"

"आपण नाही सोसलं? मी दहा वर्षं सोसलं. मोडले का मी?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख अर्धंच वाढतं, ते कशाने, हे आम्हा दोघींनाच माहीत आहे. तिने तो हात मांडीवरून उचलून पदराखाली घेतला. मला तिचा राग यायला हवा होता, पण कीवच आली, आणि कीव आली की माझं तोंड बंद होतं.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ह्यांचं आतडं फुटलं होतं तेव्हा याच मोठ्या डॉक्टरांनी पाच तास उभं राहून ह्यांना परत आणलं होतं. पोटावरचा व्रण इतका सरळ की पट्टी ठेवून आखावा. हे म्हणाले, "चार महिने गप्प बस. मग काय ती क्रांती कर." स्वतःच्याच विनोदावर हसले, मी हसले नाही तेव्हा थांबले. म्हणाले, "मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळे, एवढंच लक्षात ठेव." जसं काही मी विसरले होते.

सुनावणीला मी धुतलेली साडी नेसून, वही छातीशी धरून गेले. टेबलाच्या एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला डॉक्टर, आणि भिंतीलगत एकट्या खुर्चीवर नवी. हळूबाईला आधी विचारलं. ती म्हणाली, मी तेव्हा पाठमोरी होते. तेही तिला दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा कोणाला ऐकूच आलं नाही.

बाहेरच्या बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. अक्षर तुमचंच का? माझंच. झिजला म्हणजे काय?

तेव्हा बोलता आलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते, घसाही कोरडा नव्हता, कोणी दम दिलेला नव्हता. डॉक्टर तर शांतपणे खिडकीबाहेर बघत होते. मला एकदम त्या सगळ्या पोरी आठवल्या, ज्यांच्यासाठी मी हा शब्द लिहिला होता. खरं सांगितलं तर जुनं सगळं उकरून त्या सगळ्यांना मेमो निघतील, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण एवढंच की मी घाबरले होते.

"झिजला म्हणजे झिजला," मी म्हटलं. "वहीत आहे तेच."

नवीने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

आठ दिवसांनी निकाल लागला. अपघात. तक्रार निकाली. नवीला थिएटरमधून काढून कपडे मोजायच्या खोलीत बसवलं, तिच्याच सुरक्षिततेसाठी म्हणे. तिथे ती तीन आठवडे चादरी मोजत होती. वरच्या कोणी तिच्याशी बोलेना. वाळीत टाकायला आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, लिफ्टमध्ये ती शिरली की सगळ्यांना जिना आठवायचा. खाली डबा घेऊन येणंही तिने बंद केलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यामुळे सुटल्यासारखं वाटलं.

मग एका दुपारी ती आली. घरचे कपडे घातलेले, खांद्याला पिशवी. राजीनामा दिलाय, म्हणाली. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. मला वाटलं आता ही बोलेल, आणि बोलली तर मी सगळं ऐकून घेईन, पायाही पडेन. तिने एवढंच विचारलं,

"मावशी, तो चिमटा धुवायला घेतलात तेव्हा कडीला काही दिसलं होतं?"

"रक्त होतं," मी म्हटलं. "आणि दोन केस."

"कडीला? टोकाला नाही ना?"

"कडीला."

तिने श्वास सोडला. तिचा हात भुवईकडे गेला. टाक्यांच्या जागी केस परत आले नव्हते, बोटभर रिकामी फट राहिली होती.

"बरं," ती म्हणाली. "सगळे इतक्या वेळा म्हणाले निसटला, निसटला, की मलाच वाटायला लागलं होतं, खरंच निसटला असेल. रात्री उठून तेच आठवत बसायची. म्हणजे मला वेड नाही लागलेलं."

आणि ती गेली. खिडकीतून तिची पावलं दिसली, निळ्या पट्ट्यांच्या चपला. मी ट्रे तसाच टाकून खाली बसले आणि मोठ्याने रडले. लग्नात रडले नव्हते इतकी रडले. त्या पोरीने माझ्याकडे साक्ष मागितली नव्हती, न्याय मागितला नव्हता. आपण शहाण्या आहोत एवढंच तिला कोणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि ते सांगायला मी महिना घेतला. मेट्रनला मी कधीकाळी वाचवलं असेल, पण वाचवता वाचवता डॉक्टरांची पाटी मीच एकोणीस वर्षं कोरी ठेवली होती, माझ्या त्या वळणदार अक्षराने.

त्या दिवशी मी बाहेरच्या बाईंना पत्र लिहिलं. पोस्टात टाकायला आमच्या ह्यांच्याकडेच दिलं. ह्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, पत्ता वाचला, आणि चपला घातल्या.

बाईंनी समिती पुन्हा बसवली. मी या वेळी वही नेली नाही, भंगाराचा डबा नेला. भंगार दोन वर्षांतून एकदा उचलतात, त्यामुळे अडतीसच्या अडतीस नग त्यात होते. टेबलावर फडकं पसरून मी ते मांडले. समितीतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक दिला आणि टोकं मिटून खिडकीकडे धरायला सांगितलं. उपअधीक्षकांनी चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. मेट्रनने तिचा चिमटा उचललाच नाही. सात चिमटे खरोखर झिजलेले निघाले. बाकी एकतीसांच्या टोकांमधून उजेड दिसत होता.

मग त्या एकतीसांतूनच मी नवीला लागलेला चिमटा उचलला. त्याची कडी जरा वाकली होती. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे याचा खटका झिजलेला होता. मी तो सगळ्यांच्या मधे धरला आणि दाबला. टक. आणखी दाबला. टक. टक. खटक्याच्या तिसऱ्या दात्यावर घट्ट बसला. हलवला, झटकला, टेबलावर ठेवला, तरी सुटला नाही.

"वहीत मी खोटं लिहिलंय," मी म्हटलं. "पोरींना मेमो नको म्हणून लिहिलं. हे खरं आहे."

डॉक्टर तेव्हाही चिडले नाहीत. चिडायचे ते फक्त थिएटरमध्ये. अगदी मऊ आवाजात त्यांनी समितीला विचारलं की एकोणीस वर्षं खोट्या नोंदी करणाऱ्या बाईच्या शब्दाला किंमत काय द्यायची. मग माझ्याकडे वळले.

"तुमच्या मिस्टरांचं पोट याच हातांनी उघडलं होतं. तेव्हा हे हात चांगले होते ना?"

"हात आजही चांगले आहेत, सर," मी म्हटलं. "म्हणून तर नेम चुकला नाही."

मी चिमटे एकेक करून परत डब्यात ठेवू लागले.

निकाल आला तो असा. डॉक्टरांना लेखी समज देण्यात आली. ती त्यांच्या फायलीत लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते ऑपरेशनला उभे होते. पेशंट थांबत नाहीत, हेही खरंच. नवीला परत या म्हणून पत्र गेलं. तिचं उत्तर आलं नाही. बाहेरच्या बाईंकडून कळलं की ती म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात लागली आहे, तिथे कोणी मोठ्याने बोललं तरी ती दचकते, पण काम करते आहे. बाई तिला दर आठवड्याला एका समुपदेशकाकडे घेऊन जातात. तिने माझ्यासाठी काही निरोप दिला होता का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

आणि मला मेमो मिळाला. छत्तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. खोट्या नोंदी करून अभिलेखाची विश्वासार्हता धोक्यात आणल्याबद्दल. घरी आमच्या ह्यांनी तो मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला, आणि स्वतःच्या ऑपरेशनचे कागद ज्या फायलीत आहेत तिच्यातच लावून ठेवला. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, महत्त्वाचे कागद एका जागी असावेत.

वही माझ्याकडून काढून घेतली. आता नोंदी करायला स्टोअरचा माणूस सकाळ-संध्याकाळ खाली येतो. स्वभावाने बरा आहे, अक्षर मात्र कोंबडीचं. मेट्रन आता खाली फिरकत नाही. एकदा जिन्यात समोरासमोर आलो, तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली नाही, तोंडही फिरवलं नाही, नुसती बाजूला होऊन उभी राहिली.

निवृत्तीला सोळा दिवस उरले असताना लिफ्टची घंटा वाजली. स्टोअरचा माणूस वही उघडून बसलाच होता. ट्रेमध्ये बारा हत्यारं आणि वर एक लांब चिमटा, टोक वाकलेलं, कडीला पुसट रक्त. चिठ्ठी घडी घालून त्याच्याखाली सारली होती.

"काय लिहू मावशी?" तो म्हणाला. "झीज?"

मी चिठ्ठी उलगडली. अक्षर हळूबाईचं होतं, मुंगीएवढं, मला ते डोळ्यांजवळ न्यावं लागलं. त्यात लिहिलं होतं: फेकला. माझ्या मनगटाला लागला. पुढे वेळ, साडेनऊ. खाली तिचं नाव, आडनावासकट, आणि सही.

मी ती त्याच्या पुढ्यात ठेवली. "चिठ्ठीत आहे ते लिहा. सगळं."

तो लिहू लागला. मी उभी राहून अक्षर न् अक्षर बघून घेतलं. मग हातमोजे घातले, बाकीची बारा हत्यारं साबणाच्या पाण्यात सोडली आणि तो लांब चिमटा उचलून कोऱ्या कागदी पाकिटात घातला. पाकीट बंद केलं, पट्टी लावली, पट्टीवर तारीख घातली, सही केली.

तो मी धुतला नाही.